ओवाळणीत टीव्ही मागा

करंजाडे, पनवेल
शनिवार, कोजागिरी होऊन तीन दिवस झाले

ती. सौ. निशाताई यांना रूपाचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कितपत वाकतो? दाजींची बंदरावरची पाळी बदलली का? तिकडे गांधीधामला अजून उकडतंच असेल. इकडे ताप-खोकला कुणाला नाही. समृद्धीची दहावीची सहामाही चालू आहे. आई जेवतात, बोलतात, माझ्या भाताला नावं ठेवतात, तेव्हा त्यांची काळजी नसावी. तुमचे बंधुराज धडधाकट आहेत, आणि सगळा त्रास त्याचाच आहे.

पाकीट बघून दचकला असाल. शाळेत मी मुलांकडून दरवर्षी पत्रलेखन घोकून घेते, पण स्वतः पत्र लिहिलं त्याला वीस वर्षं झाली असतील. काय करणार, आमच्या घरात खाजगी बोलायला कागदाखेरीज जागा उरलेली नाही. तुमचा फोन आला की शैलेश तो लगेच भिंतीवर लावतात. मागच्या आठवड्यात तुम्ही तुमच्या जाऊबाईंच्या चकल्यांबद्दल जे बोललात ते शेजारच्या अनुयाने आणि तिच्या सासूने आमच्या सोफ्यावर बसून ऐकलं, आणि बोलताना तुमच्या दाताला लागलेलं कोथिंबिरीचं पान सगळ्यांनी पाहिलं (इथे ते अळूच्या पानाएवढं दिसत होतं). मी गॅलरीत जाऊन बोलावं म्हटलं, तर फोनची कुठली तरी कळ दाबलेली राहते आणि मी गॅलरीत, माझं तोंड मात्र हॉलमध्ये. म्हणून आज सातवीचे पेपर तपासायचे आहेत असं सांगून आतल्या खोलीत बसले आहे. पेपर खरंच आहेत. ते तसेच राहिलेत.

तर टीव्ही. तुम्हाला तो फोनवरून दाखवला आहे, पण फोनवरून तो फोनएवढाच दिसतो, त्यामुळे तुमचा समज असा झाला असेल की वहिनी उगाच कांगावा करते. तो अठ्ठ्याण्णव इंची आहे. म्हणजे रुंदीला सात फुटांच्या वर आणि उंचीला चार. त्यांच्या जासईच्या कंटेनर यार्डात कुठल्याशा कंपनीने कंट्रोल रूमसाठी असे सहा मागवले, पाच लागले, आणि सहावा ‘नेणार का कुणी’ म्हणून विचारत फिरत होते. यार्डात चाळीस माणसं कामाला आहेत. एकोणचाळीस जणांनी घरच्या भिंती आठवून मान हलवली. चाळिसावे आमचे. त्यात म्हणे तीन कोटींहून जास्त ठिपके आहेत. हा आकडा त्यांनी मला, आईंना, दूधवाल्याला आणि वॉचमनला एकेकट्याला गाठून सांगितला आहे. आता या तीन कोटी ठिपक्यांत बसेल इतकं बारीक चित्र अजून कुणी फारसं काढतच नाही, हे त्यांना नंतर समजलं. म्हणजे घरी घागर आणली आणि गावात विहीरच नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी तो आला. लिफ्टमध्ये मावेना, तेव्हा पाच हमालांनी सहा मजले जिन्याने चढवला. प्रत्येक वळणावर सोसायटीतलं एकेक माणूस सूचना द्यायला बाहेर येत होतं. हॉलमध्ये आणल्यावर लक्षात आलं की सात फूट सलग अशी भिंतच आपल्याकडे नाही. एक आहे, पण तिच्यात खिडकी आहे. ताई, तीच खिडकी, जिच्यातून कर्नाळ्याचा सुळका दिसतो, जिच्यासाठी आपण हा फ्लॅट घेतला, आणि तुम्ही दर वेळी आल्यावर चहाचा कप घेऊन जिच्यापाशी उभ्या राहता. ती बंद झाली. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझी समजूत घालायला शैलेशनी काय केलं असेल? खिडकीच्या बाहेरच्या ग्रिलला कॅमेरा बांधला आणि त्याची वायर टीव्हीत घातली. आता संध्याकाळी आम्ही सगळे सोफ्यावर बसून टीव्हीवर कर्नाळ्याचा सुळका बघतो. तो टीव्हीच्या बरोब्बर मागे आहे. वारा तेवढा येत नाही, म्हणून पंखा लावतो. ‘बघ, खिडकीतून दिसायचा त्याहून जवळ दिसतो की नाही?’ असं मला विचारलं जातं, आणि दिसतो हो, हेच तर दुखणं आहे.

मी वैतागले की ते टीव्हीचा नवा उपयोग शोधून काढतात. समृद्धीच्या जीवशास्त्रासाठी झुरळाची अंतर्रचना भिंतीवर लावली (रविवार सकाळ, पोहे समोर). सोसायटीच्या पार्किंगची मीटिंग आमच्या हॉलमध्ये घेतली. गटाराचा नकाशा इतका स्पष्ट दिसला, की आजवर एकमेकांशी गोडीने वागणाऱ्या बी विंग आणि सी विंगमध्ये नेमका कुणाचा पाइप कुणाच्या हद्दीत आहे ते सगळ्यांना दिसलं, आणि आता दोन्ही विंगांचं बोलणं बंद आहे. मालिका मी बघेनाशी झाले. नायिका रडायला लागली की मला तिच्या पापण्यांचा डिंक दिसतो. आमच्या लग्नातले फोटो एकदाच लावले होते. माझ्या कपाळावरचा तो फोड, जो बावीस वर्षं कुणालाही माहीत नव्हता, तो बशीएवढा होऊन समोर आला. मी टीव्ही बंद केला आणि भाजी चिरायला गेले.

माझ्या बाजूने घरात एक तरी मत पडेल अशी आशा होती, ती आईंची. ज्या बाईने मिक्सरला दोन वर्षं हात लावला नाही, गॅसच्या शेगडीला अजून ‘ती’ म्हणते, ती या धटिंगणाला हाकलून देईल असं मी धरून चालले होते. पण आई पहिल्याच दिवशी फितूर झाल्या. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय की निदान दहा फूट लांब बसावं. आई पाट घेऊन दोन फुटांवर बसतात, मान वर करून, देवळात बसल्यासारख्या. मी म्हटलं, ‘आई, डोळे जातील.’ तर म्हणाल्या, ‘जाऊंदेत गो. काम झालं त्यांचं.’ आणि हसल्या. माझ्या नशिबी आलं ते पुसणं. रोज दुपारी शाळेतून आले की काचेवर बोटांचे तेलकट ठसे, नेहमी मधोमध, माझ्या खांद्याच्या उंचीला. समृद्धीला मी रोज बोलते. ती रोज म्हणते मी नाही. दहावीतल्या मुलीला खोटं बोलायला दुसरं काही सापडू नये याचं मला वाईट वाटतं.

आता मुख्य प्रसंगाकडे येते. (इतका वेळ नमनच चाललं होतं. मुलांच्या पेपरात मी याचे गुण कापते.) शैलेशनी गेल्या रविवारी मजल्यावरच्या तीन घरांना टीव्ही बघायला आणि करंजाचं पापलेट खायला बोलावलं. आपल्या घरची धरून बारा माणसं. पापलेट आईंनी निवडायचं. त्यात कुणी बोलायचं कारणच नाही. पन्नास वर्षं करंजाच्या धक्क्यावर लिलावाला बसलेली बाई, तिच्या हातून शिळा मासा कधी घरात आला नाही, की कमी-जास्तही कधी आला नाही. हल्ली धक्क्यावर जाणं होत नाही म्हणून सकाळी चिंधीमावशींना फोन लावला, आणि अर्थातच तो भिंतीवर. चिंधीमावशी म्हणजे कशा ते तुम्हाला माहीत आहे. फोन धरायचा तो सरळ माशाच्या तोंडाशी. भिंतभर एकच पापलेट. डोळा थाळीएवढा. आई उठल्या, जवळ गेल्या, त्या डोळ्याकडे बघत राहिल्या आणि इतक्या खूश झाल्या, की मला वाटलं आता त्याची दृष्टच काढतात.

‘चिंधे, ताजा हाय. चार पाठव.’

‘चारच? बारा मानसं हायत ना गो गोदू?’

‘तू मना शिकवतंस? परातीयेवढा येक येक हाय. चार लय झाली.’

‘बरं बाय. तुजी नजर, तुजी मासली.’

ताई, खरं सांगते, माशाच्या मागे चिंधीमावशींचा हात दिसत होता. मनगटभर हिरव्या बांगड्या होत्या, आणि मासा त्या बांगड्यांहून किंचितच मोठा होता. मला दिसलं होतं. पण मी पनवेल गावातली मास्तरीण, आईंपुढे माशातलं बोलायची माझी काय प्राज्ञा? मला वाटलं, त्यांना दिसलंच असेल, त्यांचा काही हिशेब असेल.

दुपारी टेम्पोतून बर्फाचा डबा आला. आईंनी झाकण काढलं, हात आत घातला आणि तसाच ठेवला. चार पापलेटं. माझ्या तळहाताएवढी.

पुढचं कसं सांगू? चार माशांचे बारा तुकडे करायला बसले तर चार डोकी आणि चार शेपट्या कुणाला वाढायच्या हा प्रश्न. मग अंडी उकडली, सुकटीचं कालवण टाकलं, आणि पाहुणे येईपर्यंत सुकटीचा वास बी विंगपर्यंत पोचला (त्यांचं बोलणं बंद असल्यामुळे तक्रार आली नाही). एवढ्यावर निभावलं असतं. पण पाहुणे पानावर बसले आणि शैलेशनी, टीव्हीची खरी ताकद दाखवायची म्हणून, समुद्राखालचं चित्रीकरण लावलं. त्या तीन कोटी ठिपक्यांसाठी खास बनवलेलं म्हणे. भिंतीवरून सात-सात फुटी मासे सळसळत जात होते, खवला न् खवला मोजून घ्या, आणि खाली बारा माणसं दोन-दोन घासांचा तुकडा बोटाने ताटात फिरवत होती. अनुयाची सासू वर बघायची, खाली बघायची, परत वर बघायची. शेवटी म्हणाली, ‘मोठा मासा फक्त बघायचाच का हो?’ सगळे हसले. शैलेश सगळ्यात मोठ्याने हसले. आई हसल्या नाहीत. त्या जेवल्याही नाहीत, पोटाचं निमित्त केलं.

आज सहा दिवस झाले, आई माशाचं नाव काढत नाहीत. चिंधीमावशींचा फोन आला तर ‘झोपलंय म्हन’ म्हणतात. पाट घेऊन पडद्यापुढे बसतात, पण काय चाललंय ते विचारलं तर सांगत नाहीत. ज्या माणसाचा सगळा मान एका नजरेत होता, त्याला त्या यंत्राने चारचौघांत खोटं पाडलं. मी शैलेशना हे सांगून पाहिलं. ते म्हणाले, पुढच्या वेळी माशाशेजारी मोजपट्टी धरायला सांगू. करंजाच्या धक्क्यावर, ताई, आईंच्या माशाला मोजपट्टी!

म्हणून हे पत्र. तो टीव्ही माझ्या बोलण्याने जाणार नाही, आईंच्या रुसण्याने जाणार नाही. एकाच माणसाच्या शब्दाने जाईल. भाऊबीज दोन आठवड्यांवर आली. गेल्या वर्षी तुम्हाला यायला जमलं नाही, या वर्षी नक्की या, आणि ओवाळून झालं की तबक पुढे धरून सरळ म्हणा, मला ओवाळणीत टीव्ही हवा. तुमच्या भावाने तुम्हाला आजवर कधी नाही म्हटलेलं नाही. लहानपणी तुम्ही त्याची नवी सायकल मागितलीत तीही त्याने दिली, आणि चार दिवस रडला, हे आईंनी सांगितलं आहे. याही वेळी रडेल. मी रुमाल देईन. टीव्ही तुम्ही गांधीधामला न्या, विका, बंदरावर जहाजांना दिशा दाखवायला लावा, माझं काही म्हणणं नाही. मला माझी खिडकी द्या आणि आईंना त्यांची अब्रू द्या.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत जा. लांबलं, राग मानू नका.

तुमची,
रूपा

ता. क. — पाकीट चिकटवलं नव्हतं ते बरं झालं. आज सोमवार. वर लिहिलेलं तेवढंच पोस्टात पडलं असतं तर मला स्वतःला क्षमा करता आली नसती.

आज सहामाहीमुळे शाळा लवकर सुटली. मी किल्लीने दार उघडून आत आले. हॉलमध्ये पडदे ओढलेले, आणि भिंतीवर तुम्ही. गेल्या आठवड्यात तुम्ही तुळशीपाशी उभं राहून काढलेला फोटो पाठवलात ना, तो, नुसता चेहरा, भिंतभर. (समृद्धीने आजीसाठी रिमोटच्या दोन बटणांना नेलपॉलिश लावून ठेवलं आहे, हे मला आज कळलं. मुलगी खोटं बोलत नव्हती, गप्प बसली होती.) आई काचेला नाक लागेल इतक्या जवळ उभ्या होत्या आणि तुमच्या कपाळावरून, भांगावरून हात फिरवत होत्या. मधोमध. माझ्या खांद्याच्या उंचीला.

मला वाटलं त्या दचकतील. त्यांनी मागे न बघता विचारलं, ‘रूपा, निशाचं केस पांढरं झालं काय गो? मना आज दिसलं.’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्षाच्या वर झालं, त्यांना समोरचं धुक्यात असल्यासारखं दिसतं. डोळ्यांत सारा पडलाय, म्हणजे मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. फोनवर तुम्ही बोलत होतात तेव्हा त्यांना नुसता आवाज यायचा, तोंड नाही. त्या अंदाजाने मान हलवायच्या. नाक्यावर मासा त्या बोटाने दाबून आणि वासाने घेत होत्या, म्हणून कधी चुकल्या नाहीत. भिंतीवर ना बोट चालतं ना वास. त्या दिवशी माशाचा डोळा दिसला आणि वर्षभराने मासा डोळ्यांनी पाहिला याच आनंदात त्या वाहून गेल्या. चिंधीमावशींच्या बांगड्या त्यांना दिसल्याच नव्हत्या. आणि मी त्यांच्या शेजारी उभी होते, ताई. मला दिसल्या होत्या.

ऑपरेशनचं म्हटलं तर घाबरत नाहीत, उलट माझीच चेष्टा केली. म्हणे धक्क्यावरच्या गंगाबाईने डोळा करून घेतला, पट्टी सोडली तर पहिलं तोंड दिसलं ते सुनेचं, तेव्हापासून ती पस्तावतेय. खरी भीती निराळी आहे. ‘येकदा समजलं का तुमी मना येकलीला नाक्यावर पन सोडनार नाय. ईळी काढून घ्याल. आज येवढं केलंय ते गेलं मग.’ मला शप्पथ घातली, शैलेशला बोलायचं नाय, निशाला बोलायचं नाय. मी त्यांच्या हातावर हात ठेवून कबूल केलं.

मी शब्द पाळला आहे. मी कुणाशीही एक अक्षर बोललेले नाही. लिहायचं नाही असं त्या म्हणाल्या नव्हत्या. (ही पळवाट आहे हे मला कळतं. सातवीतल्या मुलाने केली असती तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.)

दुसरा ता. क. — तेव्हा ओवाळणीत टीव्ही मागू नका. आई मागा. ‘मला दोन महिने आई हवी माझ्याकडे,’ एवढंच म्हणा. शैलेश नाही म्हणणार नाहीत, आणि लेकीने सगळ्यांसमोर मागितल्यावर आईंनाही नाही म्हणता येणार नाही. गांधीधामला पोचलात की दोन दिवसांनी तुम्हाला आपोआप कळल्यासारखं करा. तुम्हाला नाटक जमतं. जाऊबाईंच्या चकल्या तुम्ही तोंडावर छान म्हणता, ते मी ऐकलंय. दोन्ही डोळे तिथेच होऊ देत. फक्त विळी काढून घेऊ नका. आणि पट्टी सोडताना तुम्हीच समोर उभ्या राहा, मी नको. गंगाबाईसारखं व्हायला नको.

तिसरा ता. क. — त्यांना स्वच्छ दिसायला लागल्यावर परत आणाल तेव्हा मला निदान चार दिवस आधी कळवा. स्वयंपाकघराच्या माळ्यावरच्या जळमटांकडे वर्षभर कुणी बघत नाही या भरवशावर मी होते. टीव्हीचं म्हणाल तर तो पुढच्या भाऊबीजेला मागा. माझी खिडकी तेवढी थांबेल.

सोबत सुकटीची पुडी पाठवते आहे, त्या रविवारचीच उरलेली. पत्र मिळाल्याचं फोनवर बोलू नका, ते भिंतीवर येईल. नुसतं ‘सुकट पोचली’ म्हणा, मला कळेल. आणि म्हणताना फोन अगदी तोंडाशी धरा. आई दोन फुटांवर बसलेल्या असतील.